डोमाजीचा डोम

ताडपत्रीचं पोट वरून खाली लोंबायला लागलं होतं आणि डोमाजी बरोबर त्याच्याखाली उभा राहून ओरडत होता, "काठाले सरका! दरवाज्याकडं नोका धावू! काठाले, बांबूच्या बुडाले पाठ लावा!"

नवरात्रातली सहावी माळ होती. दुपारचे तीन-सव्वातीन झाले असतील. आम्ही बायका मंडपात देवीपुढे कुंकुमार्चनाला बसलो होतो. बाहेर सकाळपासून हस्ताचा पाऊस होता, म्हणून मंडळाची चार-पाच माणसं खुर्च्या आत ओढत होती. दरवाजा एकच, तोही समोरच्या बाजूला. तिथं पोचायचं तर मधून, त्या पोटाखालूनच जावं लागणार. तरी दोघी-तिघी तिकडेच निघाल्या. डोमाजीच्या एका हातात लांब बांबू होता. दुसऱ्या हातानं त्यानं एकीला दंडाला धरून मागे ढकललं. ती पडली. तिची सून किंचाळली, "म्हातारं पिसाळलं काय!"

मग बांबू वाजला. मोठा बांबू मोडतो तेव्हा फटाक्यासारखा आवाज होतो. एक वाजला. जरा थांबून तीन-चार एकदम वाजले. मी काठाला पाठ लावून बसले होते. तिथून मला वरचं कडं तिरकं होताना दिसलं. त्यानंतर वर काही राहिलंच नाही. पाणी, कापड, बांबू, लायटीचे वायर, सगळं मधोमध बसलं. माझ्या तोंडावर ओलं कापड आलं. ते हातानं दूर केलं तर समोर पांढरा ढीग. त्याच्या आजूबाजूनं बायकांचे आवाज येत होते. कोण आहे आणि कोण नाही, काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की मंडप कोसळला. ठेकेदारानं परदेशातल्या इमारतीची नक्कल करायला जाऊन छताला मुद्दाम भोक ठेवलं होतं, अशी परिसरात चर्चा आहे, असंही त्यात होतं. ठेकेदार म्हणजे डोमाजी निनावे. मी ते दोनदा वाचलं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण पेपर मी रोज वाचते. त्यात भोकाबद्दल लिहिलं होतं आणि ताडपत्रीबद्दल एक अक्षर नव्हतं. म्हणून मी हे लिहिते आहे.

डोमाजी माझ्या भिंतीला भिंत लागून राहायचा. इतवारी बाजाराच्या मागच्या आमच्या गल्लीत पूर्वी घरोघरी हातमाग होते. त्याचा बाप लुगडी विणायचा. माग बंद पडले तेव्हा डोमाजी सोळा वर्षांचा होता. तो एका मंडपवाल्याकडे लागला आणि मरेपर्यंत त्यानं दुसरं काही केलं नाही. माझा नवरा त्याच्या मंडपांची कापडं शिवायचा. नवरा गेल्यावर ती मी शिवायला लागले. मी डोमाजीपेक्षा आठ वर्षांनी मोठी. तो मला बाई म्हणायचा, सख्ख्या मोठ्या बहिणीला म्हणावं तसं. मी त्याला डोमा म्हणायची.

दिसायला तो काही विशेष नव्हता. बारीक, काळा, पाठीत थोडा वाकलेला. खिशात नेहमी सुतळीची गुंडी. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. कुणाच्याही घरात शिरला की आधी छताकडे पाहायचा, माणसांकडे नंतर. नव्या नवरीचा मुखडा पाहायला लोक जातात, हा तिच्या सासरचं छत पाहून परत यायचा. माझा नवरा वारला तेव्हा तो मयतीला आला. दारात उभा राहून त्यानं वर पाहिलं, मग खाली. मला राग आला होता. तेराव्यानंतर मी त्याला बोलले.

"डोमा, माहा माणूस खाली होता गा. तू वर काय पाहून राहिला होता?"

"बाई, चौथ्या मयालीले वाळवी लागली हाय. धा माणसं बसली होती तिच्याखाली."

"तवा काहून नाही बोलला?"

"मयतीत काय बोलू?"

त्याच दिवशी त्यानं लाकडाची बल्ली आणून छताच्या त्या आडव्या लाकडाला, मयालीला, टेकू लावून दिला. तो टेकू अजून आहे. मी त्याला कॅलेंडर टांगते.

त्याचं एक बोलणं होतं. कोणी काहीही दाखवलं, घर, मंडप, पूल, तरी तो म्हणायचा, "वजन कुठी चाल्लं ते पाय." सगळं खाली जायला पाहतं, ते कोणत्या वाटेनं जातं तेवढं पाहायचं, असं त्याचं म्हणणं. माणसांबद्दलही तो तेच बोलायचा. आमच्या गल्लीत एक मोठा पुढारी होता, भाषणं ठोकणारा. त्याच्याकडे बोट दाखवून डोमाजी म्हणायचा, "याचं सारं वजन बायकोवर चाल्लं." ती बाई खरंच चार घरचे डबे करायची.

पण हे बोलणारा माणूस तीस-पस्तीस वर्षं जे मंडप करत होता त्यांना नुसतं तोंड होतं. आपल्याकडे देवीचे मंडप करायचे म्हणजे कुठला तरी महाल करायचा, कुठलं तरी परदेशी चर्च करायचं. समोरून प्लायवूड, थर्माकोल, सोनेरी रंग. मागे जाऊन पाहिलं तर बल्ल्या, फाटकी कनात आणि लघवीला उभी राहिलेली माणसं. डोमाजी कॅलेंडरवरून, कोणाच्या मोबाइलवरच्या फोटोवरून असली तोंडं करून द्यायचा. एका वर्षी बिस्किटाच्या डब्यावरचं चित्र पाहून त्यानं पॅरिसचा लोखंडी मनोरा केला, बांबूचा, चाळीस हात उंच. तिसऱ्या माळेला वारं सुटलं आणि मनोरा एका बाजूला कलला. पडला नाही, कललाच. मंडळाची माणसं घाबरून धावत आली. डोमाजीनं चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि म्हणाला, "आता हा पडत नाही, याले बसाची जागा भेटली. तुम्ही बोर्ड बदला." मग त्यांनी 'पॅरिस' पुसून 'पिसा' लिहिलं. त्या वर्षी गर्दी दुप्पट झाली. ही गोष्ट तो हसत हसत सांगायचा. रोमहून आल्यावर कोणी ती काढली की उठून जायचा.

रोमला तो बाळंतपणाला गेला होता. हे ऐकून लोक हसतात, पण तसंच आहे. त्याची एकच मुलगी, सुषमा. जावई इंजिनियर, कंपनीनं त्याला रोमला पाठवलं. सुषमाला दिवस गेले. तिची आई वारून बारा वर्षं झाली होती आणि सासू अंथरुणाला खिळलेली. मग बाळंतपणाला जाणार कोण? डोमाजी म्हणाला, मी जातो. गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी त्याला डिंकाचे लाडू करून दिले, बाळंतशेपा दिली, आणि बाळाला तेल कसं लावायचं ते उशीवर करून दाखवलं.

"असा हलक्या हातानं. बल्ली नाही घासाची तुले."

"बाई, मी सुषमाले नाही लावलं काय तेल?"

"कवा लावलं? तू तं मंडपातच राहे."

त्यानं उशी आपल्याकडे ओढून घेतली. खरं होतं ते.

तीन महिने राहिला. सुषमा नंतर मला फोनवर सांगत होती, बाबांनी बाळाला अंघोळ घातली, मला शेक दिला, रोज खिमट करून दिलं. फक्त दुधाला गेले की दोन तास यायचे नाहीत. एक दिवस जावई मागे गेला तर हा एका गोल देवळात उभा. फार जुनं देऊळ, लोकांनी नंतर त्याचं चर्च केलं म्हणे. डोमाजी दुधाची पिशवी हातात धरून मान वर करून उभा होता. तिथल्या पहारेकऱ्याची त्याच्याशी ओळख झाली होती. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पहारेकरी वर बोट दाखवायचा आणि डोमाजी मान हलवायचा.

परत आला तेव्हा खर्रा सुटलेला होता. मी विचारलं, सोडला कसा? म्हणाला, "तिथं थुकायले जागाच नाही, बाई. जिकडं पाय तिकडं संगमरवर."

लोक परदेशातून चॉकलेट आणतात. यानं सुतळी आणली. हीच आपल्या इतवारीची सुतळी, जाताना नेलेली, पण आता तिला शेकडो गाठी मारलेल्या. त्याला चित्र काढता येत नव्हतं आणि लिहायचा कंटाळा. तो प्रत्येक इमारत पावलांनी मोजायचा आणि दर दहा पावलांना एक गाठ मारायचा. मधे उंची बदलली की दुहेरी गाठ. खांब आला की सुतळीत कापडाची चिंधी. माझ्या ओट्यावर बसून त्यानं ती गुंडी उलगडली आणि बोटानं गाठी चाचपत मला अख्खं रोम सांगितलं.

"हे गोल देऊळ. वर भोक हाय. मधोमध, वीस हाताचं. उघडं."

"अन् पाणी?"

"पडते आत. फरशीले बारीक भोकं हायेत, जाते निघून. पाणी आलं का ते ओल्या जाग्याभोवती दोरी लावून देतेत. मी दोरीच्या काठानं चाललो म्हून तं भोक मोजता आलं."

"एवढं मोठं देऊळ बांधलं अन् वर झाकण लावाले विसरले?"

"विसरले नाही वं. तिथं वजनच नाही ठेवलं त्यायनं. भोकाच्या काठाले सारे दगड एकमेकाले दाबून राहिले, अन् खाली चालले. दोन हजार वर्सं झाली, चालूनच राहिले."

मी म्हटलं, असेल बाप्पा. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. उघड्या छताचं घर म्हणजे अर्धवट घर, असंच मला वाटायचं.

सुषमानं त्याला सांगितलं होतं की घुमटाला इंग्रजीत डोम म्हणतात, आणि त्या देशात गावच्या मोठ्या चर्चला दुओमो म्हणतात. हे त्यानं गल्लीभर सांगितलं. "तिथं गावोगाव माह्या नावाचं देऊळ हाय." तेव्हापासून पोरं त्याला पाहून ओरडायची, "डोमाजी, तुहा डोम कवा?"

ते चिडवणं त्याला लागलं. हसून घालवायचा, पण लागलं. मला एकदा म्हणाला, "बाई, मी आजवर तोंडं बनवली. मागं काहीच नव्हतं. एक तरी पुरं बनवाचं हाय." त्यानंतर कोणी मंडळवाले फोटो घेऊन आले की तो म्हणायचा, तोंड पाहिजे असेल तर दुसऱ्याकडे जा. ते जायचे. दोन वर्षं त्यानं नवरात्रात काही केलं नाही, नुसते लग्नाचे आणि तेरवीचे मंडप टाकले. अडुसष्ट वर्षांचा झाला होता. हात थरथरायला लागले होते. आता नाही केलं तर होणार नाही, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

रोमला असताना जावयानं त्याला आणि सुषमाला चार दिवस बार्सिलोनालाही नेलं होतं. तिथल्या एका चर्चच्या तळघरात एक वस्तू ठेवली आहे. वरून दोऱ्या लोंबकळत सोडलेल्या, त्यांना लहान लहान पिशव्या बांधलेल्या, आणि खाली आरसा. कडेवर बाळ घेऊन सुषमा कंटाळून गेली, पण हा हलायला तयार नाही. का, ते त्यानं मला माझ्या अंगणात दाखवलं. माझाच शिवायचा दोरा घेतला, कपडे वाळवायच्या दांडीला दोन्ही टोकं बांधली, आणि मध्ये लोंबत्या दोऱ्याला माझ्या डब्यातली बटणं बांधत गेला. एक दोरा, दुसरा, तिसरा, सगळे एकमेकांना अडकवलेले. मग माझा आरसा खाली ठेवला.

"आता पाय. वाकून पाय."

मी वाकले. आरशात ते लोंबणारं सगळं उलटं होऊन उभं राहिलं होतं. घुमट दिसत होता, बटणांचा.

"दोरा आपल्या मनानं लोंबते. जिकडं वजन नेते तिकडं जाते. त्याले उलटं केलं का झालं. मंग बांबू वाकवाले आपलं डोकं नाही लागत."

"झालं पाहून? माही बटनं दे वापस."

पण तो सगळे दोरे मोजेपर्यंत मी ती दांडी दोन दिवस मोकळी केली नाही. कपडे दोरीवर वाळवले.

तिसऱ्या वर्षी आमच्याच मंडळानं त्याला काम दिलं. अध्यक्ष प्रभाकरभाऊ. वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगते. त्यानंच पंधरा जणांशी भांडून काम डोमाजीला दिलं. "काकाजी, करा तुमच्या मनासारखं. पन देवी भिजू नये." डोमाजी म्हणाला, देवी भोकाखाली नाहीच, ती बाजूला बसेल. भोकाखाली त्यानं फरशी बसवली, मधे जराशी उंच, आणि तिच्या कडेनं पाणी जायला छिद्रं ठेवून नालीपर्यंत पाइप टाकला.

बत्तीस बांबूंच्या जुड्या जमिनीत गाडलेल्या, वाकून वर एका कड्याला येऊन भिडलेल्या. कडं आठ हात रुंद, मधे उघडं, तेच भोक. कापड मी शिवलं. छत्रीच्या असतात तशा बत्तीस पाकळ्या, खाली रुंद, वर निमुळत्या. वरून पारदर्शक प्लास्टिकची पन्नी. रंग नाही, थर्माकोल नाही, एक पुतळा नाही. पहिल्या दिवशी लोक आत आले आणि म्हणाले, बनायचं आहे काय अजून? एकानं तर डोमाजीलाच विचारलं, "काका, तोंड कुठी हाय याचं?" डोमाजी म्हणाला, "आतमंदी ये, मंग सांगतो."

दुसऱ्या माळेला दुपारी सर आली. मंडपात शंभरेक माणसं होती. पाऊस त्या भोकातून आत उतरला, बरोबर मधोमध, एका खांबासारखा. भोवती सगळं कोरडं. देवी कोरडी, दिवा कोरडा, माणसं कोरडी. आमच्या मंडळाची माणसं स्पीकर बंद करायला कधी तयार नसतात, पण त्या वेळी कोणीतरी स्पीकर बंद केला. पाणी फरशीवर पडायचं, पसरायचं आणि छिद्रांतून जायचं. डोमाजी माझ्या बाजूला उभा होता. मी पहिल्यांदाच त्याला वर न पाहता माणसांकडे पाहताना पाहिलं. सगळ्यांच्या माना वर होत्या.

"झालं?" मी म्हटलं.

"झालं, बाई."

मीही वर पाहत होते. खोटं कशाला बोलू?

पाचव्या माळेला उमरेडला त्याच्या मेहुण्याची तेरवी होती. तो सकाळच्या एसटीनं गेला. त्याच दुपारी हवामान खात्याचा इशारा आला की उद्या जोराचा पाऊस. प्रभाकरभाऊ माझ्याकडे आला. आधीच्या दिवशी एक म्हातारी ओल्या फरशीवर घसरली होती. त्यात लायटीचे वायर. तो घामाघूम झाला होता.

"काकू, उद्या बायायचं कुंकुमार्चन हाय. करंट उतरला तं मी कोणाले तोंड दाखवू? एक दिवस झाकून टाकतो. काकाजी आले का काढून टाकू."

"त्याले फोन कर."

"लावला. लागून नाही राहिला."

त्याच्याजवळ तीन ताडपत्र्या होत्या. एकही पुरेशी मोठी नव्हती. तिन्ही जोडून द्या म्हणाला. मी जोडून दिल्या. मला कोणी जबरदस्ती केली नाही. पाऊस येणार असेल तर छत झाकावं, हे मला शहाणपणाचं वाटलं. आणि खरं सांगायचं तर डोमाजी हट्टी आहे, एक दिवस त्याचं भोक झाकलं तर काय बिघडतं, असंही मनात आलं. मी मशीनवर जाड सुई चढवली, नायलॉनचा दोरा घेतला आणि दुहेरी शिवण मारली. वरून परत एक पट्टी. चाळीस वर्षांत माझी शिवण कुठं उसवली नाही. मंडळाच्या माणसांनी ती ताडपत्री कड्यावर टाकून बांबूंना चहूबाजूंनी आवळून बांधली. पण मधे ती ताणून बसली नाही. सैल राहिली. सैल कापडात पाणी साचतं, हे मला कळायला हवं होतं. जन्मभर मंडपांची कापडं शिवली आहेत मी.

हे सगळं मी पोलिसांना सांगितलं. जबाब लिहून घेणारा भला माणूस होता. तो म्हणाला, "आजी, तुमचं नाव कशाला घालता? घरी जा." त्यानं लिहिलं नाही. प्रभाकरभाऊनं मात्र स्वतःहून सांगितलं की ताडपत्री त्यानंच टाकायला लावली. पेपरात ते आलं नाही. सुषमाला मी फोनवर सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आत्या, तुम्ही जेवल्या काय?" तेवढंच. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही, आणि मी केलेला नाही.

सहाव्या माळेला डोमाजी उमरेडच्या एसटीनं परत आला. घरी गेलाच नाही. रस्त्यावरूनच त्याला झाकलेलं भोक दिसलं असणार. तो आत शिरला तेव्हा पिशवी खांद्याला होती, डोक्यावरून पाणी गळत होतं. आम्ही कुंकू वाहत होतो, प्रभाकरभाऊ त्याच्या माणसांबरोबर खुर्च्या ओढत होता. ताडपत्री तेव्हा टोपलीएवढी खाली आली होती आणि आमचं कोणाचं लक्ष नव्हतं. त्यानं एकदा वर पाहिलं. मग बांबूंच्या जुड्यांवरून नजर फिरवली, एकेक करून, खालपर्यंत. मला ती नजर माहीत होती. मी उठून त्याच्याजवळ गेले.

"कोणं शिवलं हे?"

"मी."

"दुहेरी मारली काय?"

"हो. वरून पट्टी."

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब चालला होता डोक्यात.

"मंग ते उसवत नाही," तो म्हणाला. "फाडाच लागते."

बाहेरून, वर चढून दोर कापायला वेळ नव्हता, आणि त्या बांबूंवर आणखी एका माणसाचं वजन टाकण्यात अर्थ नव्हता. ते त्यानं बोलून दाखवलं नाही, पण मला कळलं. त्यानं पिशवी खाली ठेवली. नारळ फोडायच्या जागी विळा होता, तो घेतला. खुर्च्यांच्या मागे उभा केलेला एक लांब बांबू ओढला आणि खिशातल्या सुतळीनं विळा त्याच्या टोकाला बांधला. तीन वेढे, एक गाठ. ताडपत्रीचं पोट मधोमध होतं, म्हणून त्याला मधोमधच उभं राहावं लागणार होतं.

"बाई, तू काठाले बस. बांबूच्या बुडाले. अन् बायायले बसव."

"अन् तू?"

"मधलं सारं खाली येईन. काठ उभा राहीन. तू जा."

मी गेले. मी वाद घातला नाही. दोघी-चौघींना ओढून काठाला बसवलं. मग तो ओरडायला लागला. मी पाहिलं तेव्हा तो दोन्ही पाय फाकवून फरशीच्या मधल्या उंचवट्यावर उभा होता आणि बांबू वर टोचत होता. एक टोचा बसला. पाण्याची बारीक धार त्याच्या खांद्यावर पडली. त्यानं मान वळवली नाही. दुसऱ्या टोच्यासाठी बांबू मागे घेतला, आणि तेव्हाच ती पहिली जुडी वाजली.

लोकांनी ढीग उपसायला घेतला तेव्हा काठाचे बांबू खरोखर उभे होते, कमरेएवढे, बुडातून न हललेले. त्यांना टेकून बसलेली माणसं एकेक करून बाहेर निघाली. एकीचा हात मोडला होता. ज्या बाईला त्यानं ढकललं होतं तिला खरचटलंही नव्हतं.

आत आम्ही सव्वीस जण होतो. पंचवीस वाचले. ताडपत्री टाकायला लावणारा प्रभाकर वाचला आणि ती शिवणारी मी वाचले.